आप्पा, दाव्याला हात लावू का?

आप्पा, पाणी चढतंय.

सकाळी तुमची मेख कोरडी होती. आता तिच्या बुडाशी पाणी आलंय. इथं आभाळ स्वच्छ आहे, ऊन चटचट लागतंय, पण वर घाटात कुठंतरी कोसळत असणार आणि ते सगळं मुकाट्यानं आपल्याकडं येतंय. तुम्ही असतात तर काठावर नाक वर करून उभे राहिला असतात आणि म्हणाला असतात, "उद्याच्याला वर सरकावं लागंल, गणपा." निम्म्या वेळा तुमचा अंदाज चुकायचा. चुकला की म्हणायचात, "पाण्यानं बेत बदलला, त्याला मी काय करू?"

मला एका जागी बसवत नाही. चार ओळी लिहितो, उठतो, पाणी बघून येतो, परत बसतो. तुमची नाव तुम्ही बांधलीत तिथंच आहे, माझ्या नावेच्या शेजारी. दावं आखूड, हातभर, तुमच्या पद्धतीचं. मेखेवर पाणी चढलं की ते आखूड दावं नावेचं तोंड खाली ओढून धरणार, लाटा आत शिरणार, आणि नाव बांधल्या जागी बुडणार. हे मला दिसतंय. मी रोज तिच्यातलं पाणी उपसतो. तेवढं चालतं, ते तुम्हीच सांगून ठेवलंय. पण दाव्याला हात लावावा की लावू नये, एवढ्या एका गोष्टीनं मला धड जेवण जात नाही. आणि ज्यांना विचारायचं ते तुम्ही.

गावाला हे कळणार नाही. गावाला वाटतं, नाव म्हणजे पलीकडं जायचं साधन. आपल्या दोघांत तिच्यावरून काय काय चाललेलं असायचं, ते आपल्यालाच ठाऊक.

मी इथं आलो तो होडीबरोबर. धरणाचं पाणी पहिल्यांदा अडलं, नदीवरची जुनी तर, म्हणजे उतारूंची नाव, चालवणारी घरं उठून नव्या वसाहतीत गेली, आणि अलीकडची माणसं अलीकडं, पलीकडची पलीकडं अडकून पडली. मग एका मुकादमानं आमच्या कोकणातल्या बंदरावरून दोन जुन्या होड्या ट्रकवर घालून आणल्या आणि वल्हं मारायला मला आणलं. थोड्या दिवसांचं काम म्हणून आलो. सातवीत शाळा सुटली तेव्हापासून मी होडीतच. दुसरं येतंय काय मला? मुकादम एके दिवशी गेला तो गेलाच. एक होडी माझ्याकडं राहिली. दुसरी तुम्ही घेतलीत, कारण तुमचं मेंढरं चारायचं रान सगळं पाण्याखाली गेलेलं.

समुद्र सोडून आलेला मी, आणि जन्मात गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात न उतरलेले तुम्ही. पहिल्या दिवशी तुम्ही नावेच्या अंगावर थाप मारलीत, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी, आणि मला विचारलंत, "मारकी न्हाय न्हवं?"

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. तुम्हाला उत्तर हवं होतं.

जुन्या गावाचा गाडीरस्ता जिथं पाण्यात शिरतो, तिथं आपल्या नावा लागायच्या. लोक त्या जागेला अजून 'रस्ता'च म्हणतात. रस्त्याची जमीन कडक, बाकी दोन्ही बाजूंना चिखल. गावातल्या चौघांनी मला सांगितलं, तू परगावचा, तू तिकडं चिखलात बांध, रस्ता आप्पाला. मी चिखलात खुंटी ठोकायला लागलो. ती ठोकली की हलायची, ठोकली की हलायची. तुम्ही वरून बघत होतात. खाली आलात, एक शब्द न बोलता स्वतःची मेख उपटलीत, रस्त्याच्या एका कडेला नेऊन ठोकलीत आणि म्हणालात, "हितं ये."

"आणि लोक?"

"लोकान्ला पोचवायचं हाय का चिकलात लोळवायचं? बायामान्सं शिव्या घालतील. तुला न्हाय घालायची, मला घालतील. आप्पाच्या शेजारचा म्हून."

त्या दिवशी मी तुम्हाला काही म्हणालो नाही. आमच्याकडं असल्या गोष्टी बोलून दाखवायची पद्धत नाही. संध्याकाळी चांगला मासा धरला आणि तुमच्या घरी नेऊन दिला. काकींनी तो बघितला आणि नाकाला पदर लावला. दुसऱ्या दिवशी नाव सोडता सोडता तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "मांजर लई खूश हाय तुज्यावर."

त्यानंतर मी मासा आणायचं बंद केलं आणि काकींनी मला भाकरी पाठवायचं सुरू केलं. भाताशिवाय जेवण होतं हे मला तुमच्या घरच्या ज्वारीनं शिकवलं. जेवताना तुम्ही माझ्याकडं बघायचात. "गळ्याखाली उतरतीया का?" "उतरते." "मग तोंड कशापायी असं करतोस?"

तुमच्या रीतीभातींची मला आधी गंमत वाटायची. आमच्या बंदरात होड्या एकीला एक चिकटून उभ्या असतात. स्वतःच्या होडीत जायचं तर दुसऱ्यांच्या होड्या ओलांडून जावं लागतं आणि कुणी कुणाला विचारत नाही. दोर तर कुणाचाही कुणीही सोडतो, बांधतो. भरती आली, की जो काठावर असेल तो सगळ्यांचे दोर सैल करतो. ते त्याचं कामच. न केलं तर लोक नावं ठेवतात.

तुमच्याकडं तसं नव्हतं. दुसऱ्याच्या नावेत पाय टाकायचा तर बाहेरून "येऊ का?" म्हणायचं, गोठ्यात शिरताना म्हणतात तसं. वहाणा बाहेर. दुसऱ्याच्या नावेतली माणसं मोजायची नाहीत, कारण परक्यानं कळपाची डोकी मोजू नयेत. आणि नावेत पाणी साचलं असेल तर मात्र मालकाला न विचारता उपसायचं.

"तान्हेल्या जनावराला पानी दावाय मालकाची वाट बघत्यात व्हय?"

"अहो आप्पा, इथं पाणी दाखवायचं नाही, काढायचंय."

"तेच की. उलटं हाय, पन तेच हाय."

उतारूंचंही ठरलेलं. ज्याच्या नावेत उतारूचा पाय पडला, उतारू त्याचा. पाय पडल्यावर दुसऱ्यानं हाक मारायची नाही, हात करायचा नाही, तिकडं बघायचंसुद्धा नाही. त्या पायी आपण मल्लप्पा शेटना बुडवलं, आठवतंय ना? सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतून साड्यांचा गठ्ठा खांद्यावर घेऊन गावोगाव फिरणारा माणूस. त्या दिवशी बोलण्याच्या नादात त्यांचा एक पाय माझ्या नावेत पडला आणि दुसरा तुमच्या.

तुम्ही म्हणालात, "तितं बसा शेट, पयला पाय तितं पडलाय."

मी म्हणालो, "छे, शेटचा सगळा भार आप्पांच्या नावेत आहे."

मग मी अदबीनं माझी नाव जराशी मागं घेतली. नेमकी त्याच वेळी तुम्हीही अदबीनं तुमची मागं घेतलीत. शेटचे पाय फाकत चालले. "अय्यो देवरे! अरे, तुमची रीतभात घाला मसणात, मला धरा!" तुम्ही हात पुढं केलात आणि गठ्ठा धरलात. साड्या कोरड्या राहिल्या, शेट कमरेपर्यंत भिजले. पलीकडं पोचेपर्यंत ते लोकांना सांगत होते, "दोघांनी मिळून बुडवलं की मला. पण काय मान देऊन बुडवलं!" तेव्हापासून ते काठावरूनच ओरडून विचारायचे, "आज पाय कुठं टाकू, ते आधी सांगा बा."

हसू येतंय आणि हसल्यावर लगेच पाण्याकडं बघावंसं वाटतं. पाणी बघून आलो. मेखेचं बूड आता दिसत नाही.

आपलं खरं भांडण एकदाच झालं. तुम्ही जेवायला घरी गेलेले, मागं वारा सुटला, पाणी उसळायला लागलं, आणि आखूड दाव्यामुळं तुमची नाव मान ओढलेल्या बैलासारखे झटके खात होती. मी सरळ दावं सोडलं, चांगलं लांब केलं आणि पुन्हा बांधलं. नाव शांत झाली. मला वाटलं, शेजाऱ्याचं काम केलं. तुम्ही आलात, गाठ बघितलीत. गाठ माझ्या हातची, कोळ्याची. तुमचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"दावं कुनी सोडलं?"

"मी. वारा होता."

"मला हाक मारलीस?"

"हाक मारायला वेळ कुठला? तोवर फळी निखळली असती."

"दुसऱ्याच्या जनावराचं दावं सोडत न्हाईत गणपा. आग लागली तर गोस्ट निराळी. न्हायतर मालकाची हाक पायजे."

"आप्पा, ती होडी आहे. जनावर आहे का ते?"

"मग काय हाय?"

तुम्ही माझी गाठ सोडलीत, तुमची मारलीत, पुन्हा हातभर. त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. आणि त्या सगळ्या दिवसांत, मी सकाळी यायच्या आत, माझ्या नावेतलं पाणी उपसलेलं असायचं. एक थेंब नसायचा. रागावलेल्या माणसानं इतकं मन लावून दुसऱ्याची नाव कोरडी करावी, हे मी आमच्याकडं कुठं बघितलं नव्हतं. मला कळेना, ह्या माणसाशी भांडू कसा.

बोलायला लागल्यावर तुम्ही कारण सांगितलंत. दावं लांब सोडलं, की वाऱ्यावर नाव फिरणार आणि माझ्या नावेला घासणार. "शेजाऱ्याला तरास नगं." मी म्हटलं, होड्या घासायच्याच, त्यासाठीच त्यांना कड असते. तुम्ही ऐकलं नाहीत. दावं आखूड ठेवायचं आणि पाण्याप्रमाणं रोज सकाळ-संध्याकाळ मेख खाली-वर करायची, हा तुमचा हट्ट. गुडघा धरून उतरायचात, ठोकायचात, धापा टाकत चढायचात. सगळं कशासाठी, तर माझ्या जुन्या होडीच्या कडेला ओरखडा पडू नये म्हणून. मला त्याची चीड यायची, आप्पा. खरंच सांगतो, चीड यायची. कुणी आपल्यासाठी एवढं करतंय ह्यानं माणूस बेचैन होतो.

शेवटच्या दिवशीही तेच बोलणं. तुम्ही मेख ठोकत होतात, मध्येच थांबून छातीवर हात ठेवलात. मी म्हटलं, "उद्या मी तुम्हाला दाखवतो. मागच्या बाजूनं दगडाचा नांगर टाकला की दावं लांब ठेवूनही नाव फिरत नाही. घासायचा प्रश्नच नाही." तुम्ही म्हणालात, "दाव उद्या. बघू तुजं कोकणी शास्त्र." आणि मग, जाता जाता, नेहमीचं विचारलंत, "व्हय रं, येवढा दर्या सोडून ह्या डबक्यात कशापायी ऱ्हायलास?"

तुम्ही हे शंभरदा विचारलंत आणि मी दर वेळी काहीतरी फालतू उत्तर दिलं. इथली हवा कोरडी आहे, इथं खारं पाणी नाही, असलं काहीतरी. खरं असं आहे, की आमच्या बंदरात होड्या पुष्कळ, पण भावाभावांत माझ्या वाटणीला बांधायची जागा नव्हती. इथं एका माणसानं स्वतःची मेख उपटून मला जागा दिली. एवढंच सांगायचं होतं. ते उद्यावर राहिलं आणि उद्या तुम्ही नव्हतात.

आता जे झालं ते सांगतो. तुम्हाला राग येईल, पण ऐका.

तुमची माती झाल्यावर तुमचा पोरगा भिवा परत कुर्डुवाडीला गेला. रेल्वेच्या कारखान्यातून त्याला तेवढीच रजा मिळाली होती. म्हणाला, दहाव्याला येतो. घरात काकी आणि सांगोल्याहून आलेले त्यांचे भाऊ. पाणी चढायला लागलं तसा माझा जीव वरखाली व्हायला लागला. दाव्याला हात लावायचा तर मालकाची हाक पाहिजे. मालक गेला, तर मग काकींची. म्हणून मी परवा तुमच्या घरी गेलो. ओसरीवर माणसं बसलेली, मल्लप्पा शेटही आले होते. मी काकींच्या पुढं बसलो. काय बोलायचं ते वाटेत घोकून आलो होतो. तुमचाच शब्द वापरावा, बरं दिसेल, असं वाटलं.

मी म्हणालो, "काकी, नावेचं दावं माझ्या हातात द्या."

काकींनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. त्यांचे भाऊ उठून उभे राहिले.

"आजून माती वाळली न्हाय मान्साची," ते म्हणाले, "आन् दावं मागाया आलास? कोन रं तू? कुटनं आलास?"

मला काही समजेना. मी म्हटलं, "अहो, पाणी चढतंय म्हणून..."

"पानी चडतंय म्हून घाई झाली व्हय? चल, उट हितनं."

मी उठलो. मल्लप्पा शेट माझ्यामागं बाहेर आले. वाटेत त्यांनी मला थांबवलं. "येडा का काय रे तू? काय बोललास ते कळलं का तुला?"

"दोर सैल करायची परवानगी मागितली."

"दोर म्हणाला असतास तर बरं झालं असतं की. दावं मागणं म्हणजे जनावर मागणं! बाजारात सौदा तुटला, की विकणारा घेणाऱ्याच्या हातात दावं देतो. झालं, जनावर त्याचं. तू सुतकाच्या घरात जाऊन मेलेल्या माणसाची नाव मागून आलास."

आप्पा, हा शब्द मला तुम्ही शिकवलात. नुसता दोर म्हणून शिकवलात. त्याच्या मागं सगळा बाजार उभा आहे, हे सांगायचं राहिलं तुमचं. तुम्हाला वाटलं असेल, एवढं कुणाला कळत नाही?

तेव्हापासून रस्त्यावर आलेले उतारू माझ्याकडं वेगळं बघतात. एक जण तर माझ्या देखत दुसऱ्याला म्हणाला, "आता दोन्ही नावा ह्याच्याच की." आता मी दाव्याला हात लावला, की ते खरं ठरलं. नाही लावला, तर तुमची नाव जाते, आणि काकींच्या हाताशी तुमच्यामागं एवढी एकच गोष्ट राहिली आहे. हाक द्यायला कुणी नाही. आग लागलेली नाही. पाण्याचं काय करायचं, ते तुम्ही कधी बोलला नाहीत.

परत बघून आलो. मेखेचं डोकं तेवढं वर आहे. नावेनं तोंड खाली घातलंय.

वरचं लिहून ठेवलं त्याला आता काही दिवस झाले. पुढचं तुम्हाला माझ्याकडूनच कळलेलं बरं.

त्या दिवशी मी पाण्यात उभा होतो. तुमच्या नावेच्या तोंडावरून लाटा आत यायला लागल्या होत्या आणि मी मागच्या बाजूनं पाणी उपसत होतो, उपसत होतो. जेवढं काढावं त्याच्यापेक्षा जास्त आत. दावं ताणून काठीसारखं झालेलं. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. काठावर पाच-सहा माणसं उभी. ती माझीच वाट बघत होती, मी हात लावतो का ते.

आणि वरून काकी येताना दिसल्या. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, झपाझपा. मागं त्यांचे भाऊ. "आक्का, आगं सुतक हाय, भाईर पडू नगंस!"

"नाव बुडाल्यावर पडू व्हय?"

मल्लप्पा शेट त्यांच्याशी बोलले असावेत. ते त्यांच्यामागून गठ्ठा सावरत येत होते आणि माझ्याकडं बघून हातवारे करत होते. काकी पाण्याच्या कडेला थांबल्या नाहीत. सरळ आत आल्या.

"असं बगत काय उबं ऱ्हायलाय?" त्या मला म्हणाल्या. "हात लावा की!"

"काकी, दावं..."

"दाव्याचं म्या बगती." त्यांनी पाण्यात हात घालून चाचपलं आणि ते दोन्ही मुठींत पकडलं. लुगडं पाण्यावर फुगून आलेलं. "दावं माज्या हातात हाय. तुमी मेख उपटा."

मी खाली बुडी मारली. मेख रुतलेली, तुम्ही ठोकलेली, आप्पा, ती काय सहज निघते? दोनदा वर आलो, दोनदा गेलो. मग माझ्या हाताशेजारी आणखी एक हात आला. काकींचे भाऊ धोतरासकट पाण्यात उतरले होते. आम्ही दोघांनी हिसडा मारला. मेख निघाली, नावेचं तोंड एकदम वर आलं आणि काकी दाव्यासकट मागं ओढल्या गेल्या, पण त्यांनी सोडलं नाही.

वर रस्त्यावर मेख ठोकली. गाठ मारायला काकींनी दावं पुढं केलं, मग माझ्याकडं बघून थांबल्या. "किती ठेवायचं?"

"आप्पा हातभर ठेवायचे."

"ते दिसातनं दोनदा उतरायचे. माज्यानं न्हाय व्हायचं ते. लांब सोडा."

"माझ्या नावेला घासेल."

"घासंना का. तुमाला चालतंय न्हवं?"

मी दगडाचा नांगर टाकून तुम्हाला दाखवायचं होतं तसं सगळं केलं. थोडं घासतं. फार नाही. वाद मी जिंकलो म्हणायचं तर म्हणा. मला त्यात काही गोडी नाही.

दहाव्याला भिवा आला. त्याचे मामा, काकींचे भाऊ, त्याला म्हणाले, नाव कुणाला तरी देऊन टाक आणि आईला कुर्डुवाडीला ने, रेल्वेच्या चाळीत. भिवा म्हणाला, तेच बरं. मी दाराशी उभा होतो, आत आलो नाही. मला कुणी बोलावलं नव्हतं. आतून काकींचा आवाज आला.

"दावं कुनाच्या हातात दिलं का म्या?"

मामांनी भिवाकडं बघितलं.

"न्हाय न्हवं? मग सौदा कसला करताय?"

बाहेर आल्यावर मामा माझ्यापाशी थांबले. बराच वेळ तंबाखू मळत राहिले. "मला काय म्हाईत, तुमच्याकडं दोराला काय म्हणत्यात," एवढंच बोलले आणि चिमूट माझ्यापुढं धरली. मी खात नाही, तरी घेतली.

आता रोज सकाळी काकी रस्त्यावर येतात. मला वाटलं होतं, त्या मला शिकवायला सांगतील. सांगितलं नाही. मी आपणहून विचारलं, तर म्हणाल्या, "तुमचं वल्हं बगून बगून डोळं दुखलं माजं, आता मला मारू द्या." आणि पदर खोचून, वहाणा काठावर ठेवून नावेत बसल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "हाक मारली तरच या."

आज वल्हं मारायचा त्यांचा कितवा दिवस, मी मोजत नाही. नाव सरळ जात नाही, उजवा हात जोरात पडतो आणि ती गोल फिरते. काठावर लोक उभे राहून बघतात, हसतात, बायका तोंडाला पदर लावतात. मल्लप्पा शेट ओरडतात, "काकी, मी शेवटच्या फेरीला येतो बा, सरळ चालायला लागली की!" काकी तिथूनच त्यांना शिवी घालतात. आणि पुन्हा वल्हं उचलतात.

मी माझ्या नावेत बसतो. दोर सोडलेला, वल्हं पाण्यात. जुनं गाव बुडालंय तिथं पाणी खोल आहे आणि दुपारनंतर वारा सुटतो, हे त्यांना अजून नीट माहीत नाही. मला माहीत आहे. एक हाक, की मी तिथं पोचेन. त्या माझ्याकडं बघतात, मी त्यांच्याकडं बघतो. आज त्या कालच्यापेक्षा लांब गेल्यात. वारा यायला लागलाय, आप्पा, आणि हाक अजून आलेली नाही.